गाडीचा रंग स्वतः द्यावा, पण श्वास सांभाळून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत निवृत्तीनंतरच्या छंदांविषयी आलेला मजकूर मी इथे कॅलिफोर्नियात वाचला. बागकाम, वाचन, प्रवास, संगीत यांना त्यात मिळालेली जागा योग्यच आहे. परंतु ज्या छंदांत हात काळे होतात त्यांचा विषय एका वाक्यात आटोपला आहे, आणि तेही 'अंगमेहनतीचे काम मात्र कारागिरांकडे सोपवावे' अशा सल्ल्यासह. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. मला तो सल्ला मुळातूनच चुकीचा वाटतो; मात्र त्यामागे जी काळजी असावी ती अनाठायी नाही, आणि तिच्याकडे आपण जिथे पाहायला हवे तिथे पाहत नाही, असे माझे म्हणणे आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. सगळी नोकरी यंत्रे आणि साचे यांच्या संगतीत झाली, तिच्याच निमित्ताने दक्षिण कॅलिफोर्नियात आलो आणि निवृत्तीनंतर घराच्या गॅरेजमध्ये 1932 सालच्या फोर्ड रोडस्टरच्या, म्हणजे उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीच्या, धर्तीवर एक हॉट रॉड बांधली. तिचे रंगकाम आणि शेवटची जुळणी नुकतीच पूर्ण झाली. हॉट रॉड म्हणजे जुन्या घाटाची, अंगावरचे अनावश्यक वजन उतरवलेली आणि मूळच्यापेक्षा जोरकस इंजिन बसवलेली गाडी, एवढी ओळख वाचकांना पुरेशी व्हावी. हा प्रकार याच भागातला. 1932 मध्ये फोर्डने 221 घनइंचांचे, 65 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन पाचशे डॉलरांच्या आतल्या गाडीत बसवले, आणि काही वर्षांनी त्या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्यावर इथल्या पोरांनी त्यांचे मडगार्ड उतरवून त्या म्युरॉक आणि एल मिराज इथल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर पळवल्या. त्या शर्यतींच्या वेळा नीट मोजल्या जाव्यात म्हणून 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. 1949 मध्ये युटातील बॉनेव्हिलच्या मिठागरावर वेगाचा आठवडा सुरू झाला आणि 1950 मध्ये ओकलंडला रोडस्टरांचे मोठे प्रदर्शन भरले. ते प्रदर्शन आता पोमोनाला भरते. तिथे गाडीच्या वेगाइतकेच तिच्या रंगाकडे आणि जुळणीकडे पाहिले जाते, आणि जिच्यासमोर माणसे सर्वांत जास्त वेळ उभी राहतात ती गाडी पुष्कळदा कुणा निवृत्त माणसाने घरी बांधलेली असते.

घरी बांधायला घेतलेल्या गाड्या नेमक्या कुठे अडतात, हे मी इथल्या ओळखीच्या गॅरेजांमध्ये पाहत आलो आहे. चॅसी होते, इंजिन बसते, ब्रेक लागतात, गाडी चालूही लागते आणि मग राखाडी प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, वर्षानुवर्षे उभी राहते. रंग हे आपले काम नव्हे, ते व्यावसायिकाकडेच द्यायचे, अशी समजूत असते. व्यावसायिकाचा दर ऐकला की ते पुढे ढकलले जाते. आणि कधी गाडी त्याच्याकडे पोचलीच तर विम्याच्या कामांच्या रांगेत तिचा नंबर शेवटचा लागतो. यात कुणाचा दोष नाही. अपघातात चेपलेली गाडी आठवड्यात रस्त्यावर आणून देणे हा ज्याच्या पोटापाण्याचा हिशेब आहे, त्याला एकेक दरवाजा हाताने सपाट करत बसणे परवडणार नाही. पण म्हणूनच हे काम बांधणाऱ्यानेच करावे असे मी म्हणतो. रंगाच्या कामाला सगळ्यांत जास्त जे लागते, म्हणजे दोन कोटांमधली वाट पाहणे, ते निवृत्त माणसाकडे असते आणि दुसऱ्या कुणाकडे सहसा नसते.

शिवाय रंग हे वरवरचे काम आहे, ही समजूतही बरोबर नाही. आधी केलेल्या प्रत्येक कामाची तपासणी रंगात होते. चांगली पद्धत अशी, की गाडी एकदा बिनरंगाची पूर्ण जोडावी, दिवे, आरसे, काच, रबरी पट्ट्या सगळे जागच्या जागी बसवून पाहावे, भोके तेव्हाच पाडावीत आणि ती काही शे मैल चालवून घ्यावी. दरवाजा कुठे घासतो, बॉनेट कुठे थरथरते, सायलेन्सरची नळी तापल्यावर कशाला टेकते, हे सगळे तेव्हा कळते. मग गाडी पुन्हा सुटी करावी. नुकतीच जोडलेली गाडी पुन्हा नटबोल्टांपर्यंत सोडवताना मन खट्टू होते, पण रंग दिलेल्या पत्र्यात भोक पाडण्याची वेळ येण्यापेक्षा ते केव्हाही बरे. दरवाजा आणि बॉडी यांमधली फट चहूबाजूंनी सारखी, साधारण साडेचार-पाच मिलिमीटर, याच टप्प्यावर करून घ्यावी लागते, कारण रंग चढल्यावर कडेची जाडी वाढते आणि काटेकोर बसवलेली फट आणखी अरुंद होते.

घासण्याच्या कामाचा कंटाळा येतो असे लोक म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर जिथे पोचा किंवा वेल्डिंगचा ताण असेल तिथे पुट्टीचा पातळ हात, मग सरफेसर (घासून सपाट करायचे जाड अस्तर), आणि प्रत्येक टप्प्यानंतर लांब सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून तिरकस फुल्या मारत घासणे, असा तो क्रम असतो. घासण्याआधी सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारतात. ठोकळा फिरू लागला की उंच भागावरचे काळे ठिपके आधी जातात आणि खोलगट भागात ते तसेच राहतात. जिथे काळे उरले तिथे पत्रा अजून खाली आहे. माझ्या गाडीच्या डाव्या दरवाज्यावर, मुठीच्या मागे, डोळ्यांना अजिबात न दिसणारा तळहाताएवढा एक डाग असा राहिला होता. सुती फडके हाताखाली धरून पंजा पुढेमागे सरकवला की तो जाणवायचा, नुसत्या बोटांना मात्र नाही. हे फडक्याचे तंत्र मला शेजाऱ्याने दाखवले. तो पूर्व लॉस एंजलिसमध्ये उभी हयात गाड्या रंगवत आलेला मेक्सिकन वंशाचा कारागीर आहे आणि पारदर्शक रंगाचे थरावर थर देऊन खोली आणण्याच्या कामात त्याचा हात धरणारा या भागात क्वचितच कुणी सापडेल. सरफेसर दिलेली बॉडी त्याने मला पुढचे काही आठवडे उन्हात उभी करून ठेवायला लावली. पुट्टी आणि प्रायमर हळूहळू आक्रसतात. ते रंगाखाली आक्रसले तर घासल्याच्या रेघा वर उमटतात. कारखान्याच्या वेळापत्रकात न बसणारी ही गोष्ट निवृत्ताच्या दिवसक्रमात सहज बसते.

रंग मी वॉशिंग्टन ब्ल्यू घेतला. 1932 च्या फोर्डच्या मूळ रंगांपैकी तो एक, जवळजवळ काळ्याकडे झुकणारा निळा, आणि त्याच्या जोडीला बारीक रेघेसाठी व चाकांसाठी टॅकोमा क्रीम. त्या काळी बॉडीला नायट्रोसेल्युलोज लॅकर देत. जनरल मोटर्सने 1923 मध्ये ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको रंग ओकलंड या गाडीवर वापरला, तोवर वार्निशाचे थर वाळवण्यात आठवडेच्या आठवडे जात असत. ते काम या रंगाने काही तासांवर आणले. आपल्याकडची गॅरेजेही पुढे कित्येक वर्षे ड्यूकोवर चालली. आता त्या जागी बेसकोट, म्हणजे रंगाचा थर, आणि त्यावर हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळलेले पारदर्शक युरेथेन क्लिअर आले आहे. ते ऊन, पेट्रोल आणि पक्ष्यांची विष्ठा यांना लॅकरपेक्षा किती तरी चांगले तोंड देते, पण त्याची एक किंमत आहे, आणि तिच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

त्याआधी गनच्या, म्हणजे रंग फवारण्याच्या पिचकारीच्या, कामाविषयी दोन शब्द. आमच्या भागातील हवा नियामक संस्थेने गाड्यांच्या रंगातील बाष्पनशील द्रव्यांवर मर्यादा घातल्या आहेत.  गनही कमी दाबाची, म्हणजे टोकाशी 10 पीएसआय दाबाच्या आत हवा सोडणारी वापरावी लागते, जेणेकरून रंग हवेत कमी आणि पत्र्यावर जास्त जावा. माझे सारे फवारणीचे काम मी एका गॅरेजचा बूथ, म्हणजे रंग फवारण्याची बंदिस्त खोली, दिवसाच्या भाड्याने घेऊन केले. घरी फक्त घासकाम केले. गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, पत्र्याला समांतर, मनगट न वळवता पूर्ण हात सरकवत न्यायची आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. हात मंदावला तर ओघळ येतो, घाई झाली तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. हे जुन्या लोखंडी पिंपावर सराव करून साठीनंतरही शिकता येते, कारण याला ताकद लागत नाही. स्थिर चाल आणि पुरेसा प्रकाश लागतो.

आता मूळ मुद्दा. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. फवारताना त्याचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगतात आणि ते श्वासावाटे व त्वचेवाटेही शरीरात जातात. काही लोकांच्या बाबतीत शरीर एकदा त्याला बिथरले की पुढे त्याच्या अगदी अल्प मात्रेनेही दम्याचा झटका येतो, आणि हा बदल बहुधा माघारी फिरत नाही. सर्वांत धोक्याची बाब अशी, की त्याचा वास येऊ लागेपर्यंत हवेतले त्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कधीच पुढे गेलेले असते. थिनरचा वास येतो म्हणून माणूस सावध होतो, पण थिनरचा वास नसणे म्हणजे हवा स्वच्छ असणे नव्हे. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने गाड्या रंगवणाऱ्यांना दमा होण्याचा धोका इतर कामगारांच्या तुलनेत सुमारे 80 पट असल्याचे सांगितले आहे. त्याच विभागाचा आणखी एक इशारा माझ्या मनात पक्का बसला आहे. फवारणी थांबली आणि हवा डोळ्यांना निवळलेली दिसली, तरी न दिसणारे धुके बूथमध्ये पुढे किती तरी वेळ असते. आणि नेमक्या त्याच क्षणी रंगारी तोंडावरची काच वर करून कोट कसा बसला ते वाकून पाहतो. ही सवय मी चांगल्या चांगल्या कारागिरांमध्ये पाहिली आहे. ओल्या रंगाकडे काचेआडून पाहून समाधान होत नाही, हे मला पूर्णपणे समजते, पण ते समाधान बूथची हवा पूर्ण पालटल्यानंतरच घ्यायचे असते.

यावरचा उपाय म्हणजे बाहेरची ताजी हवा नळीने थेट चेहऱ्यावरच्या मुखवट्यात पुरवणारे साधन. कोळशाच्या डब्या लावलेला मास्क वाफेसाठी बरा, पण आयसोसायनेटचा वास वेळेत येत नसल्यामुळे त्याची डबी निकामी झाली हे घालणाऱ्याला कळतच नाही. ताज्या हवेचा पंप तेल न लागणारा असावा आणि तो रंगाच्या खोलीपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावा. गनसाठीच्या तेलाच्या कॉम्प्रेसरची हवा श्वासासाठी कधीही घेऊ नये, कारण तो तापला तर तिच्यात तेलाचे कण आणि कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. टोपीसह पूर्ण अंगाचा पोशाख आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसणारा असेल तर दाढी काढावी लागते. नुकत्याच दिलेल्या, पुरत्या न पिकलेल्या क्लिअरची धूळही निर्धोक नसते, म्हणून ते पाण्याने ओले करूनच घासावे. हा सगळा सरंजाम माझ्या गाडीच्या चारही चाकांपेक्षा कमी खर्चात झाला. छंदासाठी पैसा खर्च करणाऱ्या निवृत्ताने तो खर्च सर्वांत आधी करावा, आणि ज्याला आधीपासून दम्याचा त्रास आहे त्याने हार्डनरचा रंग स्वतः फवारूच नये. घासकाम आणि जुळणी स्वतः करून फवारणीपुरते काम दुसऱ्याकडे द्यावे.

पण 'कारागिरांकडे सोपवावे' या सल्ल्याशी माझा खरा वाद इथेच आहे. काम सोपवले म्हणून धोका नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो. मागच्या खेपेला कोल्हापुरात असताना मी उद्यमनगरच्या बाजूला एका रंगाऱ्याचे काम पाहत उभा होतो. उघड्या शेडमध्ये, तोंडाला रुमाल बांधून तो हार्डनर मिसळलेले क्लिअर एका मोटारीवर मारत होता. हात इतका सफाईदार, की बॉनेटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्ट्यांची सांध कुठे दिसली नाही. डब्यावरची सूचना इंग्रजीत, बारीक अक्षरांत होती. त्याला मी विचारले, तेव्हा 'वास कमी आहे काका, जुन्या ड्यूकोइतका झोंबत नाही,' असे तो म्हणाला. रुमाल या थेंबांना अडवत नाही, हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. त्याच्याजवळचा सोळा-सतरा वर्षांचा मदतनीस तर रुमालाशिवायच काच पुसत होता.

महाराष्ट्रात हॉट रॉड बांधता येत नाही, हे मला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरबदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती स्पष्ट शब्दांत अधोरेखित केली. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाड्यांसाठी वेगळी वाट आहे. प्रदूषणाच्या नियमांत सवलत घेऊन नोंदणी करता येते, पण तीही वर्षाला पहिल्या 500 गाड्यांपुरती आणि अधिकृत तपासणीनंतर. आपल्याकडे ती वाट नसली तरी जुनी गाडी मूळ रूपात परत आणण्याची वाट मोकळी आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले, त्यांत क्रमांकामध्ये 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे. मात्र मूळ चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. पुण्यात, सांगलीत, कोल्हापुरात किती तरी वाड्यांच्या मागे जुन्या फियाट आणि विलीज जीप ताडपत्रीखाली उभ्या आहेत, आणि त्यांचे मालक माझ्याच वयाचे आहेत. पोचा काढणे, पुट्टी, घासणे, रंग, पॉलिश हा सगळा क्रम त्यांच्यासाठीही हाच आहे. रंग बदलायचा असेल तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते, एवढेच.

क्लिअर पिकल्यावरचे काम मला सर्वांत आवडले. आधी 1,000, मग 1,500, 2,000 आणि 3,000 नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून चकाकणारा सगळा पृष्ठभाग पुन्हा निस्तेज करायचा, आणि नंतर लोकरी व फोमच्या पॅडवर कटिंग पॉलिश घेऊन तो वर आणायचा. कडांवर क्लिअर पातळ असते, म्हणून तिथे आधी चिकटपट्टी लावून ठेवायची आणि त्या शेवटी हाताने करायच्या. नीट झालेल्या पॅनेलमध्ये छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सरळ रेघेत दिसते. ते कुठे लहरले तर खालच्या घासकामात उणीव आहे. क्रीम रंगाची बारीक रेघ मात्र मी शेजाऱ्याकडून मारून घेतली, कारण लांब केसांच्या कुंचल्याने एका दमात ती ओढण्याचे कसब आयुष्यभराच्या सरावाचे असते आणि त्याचा मान त्यालाच असावा असे मला वाटले. त्यानंतर जुळणी झाली. आधी सगळे बसवून पाहिलेले असल्यामुळे प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात गेला.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती दोन बाबतींत आहे. निवृत्तांच्या छंदांवर पुन्हा लिहाल तेव्हा पत्राकाम, सुतारकाम, रंगकाम यांना 'जड काम' म्हणून बाजूला सारू नये. ज्यांनी आयुष्यभर कारखान्यात किंवा कचेरीत दुसऱ्याच्या वेळापत्रकावर काम केले, त्यांना एखादी वस्तू स्वतःच्या गतीने पूर्णत्वाला नेण्यात जे समाधान मिळते त्याची कल्पना त्यांच्या मुलाबाळांना यायला हवी. म्हणजे 'बाबा, या वयात हे कशाला' असे म्हणून ते त्यांच्या हातातला ठोकळा काढून घेणार नाहीत. दुसरी विनंती अधिक तातडीची आहे. आयटीआयमध्ये गाड्यांच्या बॉडी रंगकामाचा एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, परंतु शेडमधले बहुसंख्य रंगारी उस्तादाच्या हाताखाली शिकतात, त्या अभ्यासक्रमापर्यंत ते पोचत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचते ते वर्तमानपत्र. हार्डनरच्या डब्यावरची धोक्याची सूचना ठळक मराठीत छापणे रंगाच्या कंपन्यांना बंधनकारक असावे, आणि रंगाच्या दुकानांतून ताज्या हवेचे मुखवटे गनच्या शेजारी विकायला ठेवले जावेत, यासाठी आपण आपल्या जिल्हा आवृत्त्यांमधून हा विषय लावून धरावा. मुखवटा कसा निवडावा, पंप कुठे ठेवावा आणि बूथ नसलेल्या शेडमध्ये किमान काय करावे, याची चित्रांसह साधी माहिती लिहून द्यायला मी तयार आहे. ती तपासून घेण्यासाठी आपण एखाद्या छातीविकारतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे.

आपला,
एक निवृत्त अभियंता
रिव्हरसाइड, कॅलिफोर्निया
(मूळ गाव : कोल्हापूर)